कोरडी नदी म्हणजे रिकामा प्लॉट नव्हे

मंडळी, कॉम्प्युटरचं दळण बरेच दिवस झालं. या वीकएन्डला जरा गावाकडच्या नदीबद्दल लिहितो.

पुण्यात मी बीडचा आहे असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. दुष्काळ, ऊसतोड, राजकारण. "तुमच्या गावाला नदी कोणती?" असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. त्यांना दोष काय द्यायचा? बीडमधल्या दहा शाळकरी पोरांना विचारलं तरी निम्मी पोरं पुलाखालचा तो नाला दाखवतील आणि "ही काय" म्हणतील. ती बिंदुसरा. जुन्या इंग्रजी कागदांत तिचं नाव 'बेंडसुरा' असं सापडतं. नदी लहान आहे. मोटारसायकल घेऊन निघालात तर एका दुपारी उगमापासून संगमापर्यंत सगळी बघून होईल. वर्षातले बरेच महिने ती वाहतही नाही. माझं म्हणणं नेमकं इथूनच सुरू होतं. ती वाहत नाही, म्हणून आपण तिला नदी म्हणायचं सोडून दिलं. आणि नदी म्हणायचं सोडलं की मग तिच्या पात्राचं काय वाटेल ते करायला आपण मोकळे!

आधी थोडा भूगोल बघू. कंटाळा करू नका, मजेशीर आहे.

बीड जिल्ह्याचे सरळ दोन मजले आहेत. वरचा मजला म्हणजे बालाघाटचं पठार, खालचा म्हणजे गोदावरीकाठची सपाट काळी जमीन, गंगथडी. (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.) धुळे-सोलापूर हायवेनं बीडहून दक्षिणेला निघालात की मांजरसुंब्याचा घाट लागतो, तो या दोन मजल्यांमधला जिना. वरच्या मजल्यावर पाटोदा तालुका आहे. हा तालुका म्हणजे नद्यांचं एस.टी. स्टँडच! सिंदफणा इथली. बिंदुसरा इथलीच, वाघिऱ्याजवळच्या डोंगरातली. ती उत्तरेला उतरते, बीड शहराच्या मधून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगाव ओलांडून मंजरथला गोदावरीत जाते. मांजराही याच तालुक्यातली. पण ती पूर्वेला निघते, लातूर, बिदर, तेलंगण असा सातशेहून जास्त किलोमीटरचा वळसा घालते, वाटेत हैदराबादलाही पाणी पाजते आणि मग कंदकुर्तीला त्याच गोदावरीत येऊन पडते. सौताड्याच्या धबधब्याची विंचरणा तर गोदावरीकडे बघतही नाही. ती सीना नदीकडे, तिथून भीमेत आणि पुढे कृष्णेत. म्हणजे शेजारशेजारच्या डोंगरांवर पडलेले दोन थेंब बंगालच्या उपसागरात भेटायच्या आधी कोणकोणत्या राज्यांतून फिरून येतील याचा नेम नाही. ज्या तालुक्याची ओळख टँकरनं व्हावी, तो चार नद्यांचं माहेर आहे, हे आम्हाला शाळेत कुणी असं उलगडून सांगितलं नाही.

आता ही नदी चालते कशी ते बघू.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोही चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांतल्या मोजक्याच दिवशी. खाली काळा बेसॉल्ट. या खडकाच्या पोटात पाणी फार मावत नाही. जे काय मुरतं ते वरच्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि नदीच्या वाळूत. डोंगर उघडे, उतार तीव्र. त्यामुळे पाऊस थांबला की महिन्या-दोन महिन्यांत वरचा प्रवाह आटतो आणि नदी वाळूखाली जाते. लक्षात घ्या, ती संपत नाही, खाली जाते. माझी आजी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत हातानं झिरा उकरून पाणी भरायची. हातभर उकरलं की पाणी. वाटीवाटीनं घागर भरायची आणि झिऱ्यावर काट्याची फांदी ठेवून यायची, जनावरानं तोंड घालू नये म्हणून. तिला कुणी 'नदी कोरडी आहे' असं म्हटलं असतं तर ती हसली असती.

साध्या वाळूच्या ढिगात साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते. म्हणजे वाळूचं पात्र ही पाण्याची टाकीच झाली, वरून झाकण असलेली. आमच्याकडच्या उन्हात उघड्या तलावातलं दीड-दोन मीटर पाणी वर्षाकाठी नुसतं वाफ होऊन उडून जातं. वाळूखालच्या पाण्याला ऊन लागत नाही. ही टाकी बांधायला टेंडर लागत नाही, ती निसर्गानं फुकट बांधून दिलेली आहे.

हे सगळं चारशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांना चांगलं ठाऊक होतं. बीडच्या दक्षिणेला, साधारण सहा किलोमीटरवर, बिंदुसरेच्याच खोऱ्यात खजाना बावडी आहे. १५८२ साली, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधून घेतली. बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. या विहिरीची गंमत अशी की ती नुसता खड्डा नाही. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी आत येतं आणि दुसऱ्या भुयारातून बाहेर पडून बलगुजार भागातल्या शेतांकडे जातं. मोट नाही, पंप नाही, वीज नाही. सगळं उतारावर. दुष्काळातही तिचं पाणी आटत नाही अशी तिची ख्याती आहे. पुढे मलिक अंबरनं औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर काढली तीही याच जातकुळीतली.

बघा, त्या माणसानं काय केलं. नदीचा पूर अडवायला तो गेला नाही, पात्रात काही बांधलं नाही. जमिनीखालून सावकाश सरकणारं पाणी त्यानं शोधलं आणि त्याला वाट करून दिली. 'बीड' या नावाचीच एक व्युत्पत्ती अरबी 'बीर' म्हणजे विहीर या शब्दाशी जोडतात. खरी-खोटी भाषातज्ज्ञ जाणोत, पण ज्या गावाचं नावच विहिरीवरून पडलं असं लोक सांगतात, त्या गावाला जमिनीखालच्या पाण्याची जाण होती एवढं तरी नक्की.

मग १९५० च्या दशकात पालीजवळ बिंदुसरेवर धरण झालं. मातीचं, छोटंसं. साठवण सुमारे ७.१ दशलक्ष घनमीटर. शहराला नळाचं पाणी मिळालं, ही काही लहान गोष्ट नव्हे. आजही सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अख्खं बीड तिथली 'चादर' बघायला लोटतं. पण धरण झाल्यावर खालच्या नदीला पाणी मिळणार ते धरण भरून सांडल्यावरच. दुष्काळी वर्षी तेही नाही.

पुढे १९८७ मध्ये सिंदफणेवर माजलगावचं धरण पूर्ण झालं. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं हे मोठं धरण. बीड शहराची तहान मुख्यतः त्याच्यावर जाऊन बसली. पाणी लांबून पाइपनं येऊ लागलं आणि गावाचा नदीशी असलेला शेवटचा व्यवहारही संपला. ज्या गोष्टीशी रोजचा व्यवहार नाही तिची आठवण कोण ठेवतो? मोबाइल आल्यावर आपल्याला भावाचाही नंबर पाठ राहिला नाही, तसंच.

व्यवहार संपल्यावर नदीचे तीन नवे उपयोग सुरू झाले. कोरड्या पात्रावर थोडं सरकत सरकत बांधकाम करायचं, म्हणजे नदीचा प्लॉट. शहरातले नाले तिच्यात सोडायचे, म्हणजे नदीचं गटार. आणि वाळू उपसायची, म्हणजे नदीची खाण. तिन्हींच्या मुळाशी समज एकच, की ही जागा रिकामी आहे. आता एकेक घेऊ.

प्लॉटपासून सुरुवात करतो, कारण त्यात माणसं मरतात.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. सिस्टीमची क्षमता सरासरी लोडवर ठरवायची नसते. बारावीच्या निकालाची वेबसाइट घ्या. वर्षातले ३६४ दिवस तिच्यावर चिटपाखरू नसतं. म्हणून कुणी म्हणालं, "हा सर्व्हर रिकामाच असतो, यावर दुसरं काहीतरी चढवू या," तर निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. मराठवाड्यातली नदी तशी आहे. तिची रुंदी रोजच्या पाण्यासाठी नसते. वीस-पंचवीस वर्षांतून एका रात्री जे पाणी येतं त्यासाठी ती रुंदी असते. बाकीचे दिवस पात्र रिकामं दिसतं, पण ते बुक झालेलं असतं.

हिशोब करून बघा. १ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख घनमीटर पाणी होतं. समजा असे १०० चौरस किलोमीटर धरले, तर १ कोटी घनमीटर, म्हणजे १० दशलक्ष. त्यातलं दोन तृतीयांश जरी वाहून आलं तरी पालीचं रिकामं धरण एका रात्रीत जवळजवळ भरतं. आणि धरण आधीच भरलेलं असेल तर? तर ते सगळं पाणी सांडव्यावरून थेट शहराकडे. लहान धरण मोठ्या पुराला अडवू शकत नाही. 'वर धरण आहे, आता काय भीती' ही समजूत त्यामुळेच धोक्याची.

२३ जुलै १९८९ ला हेच झालं. बिंदुसरा बीड शहरात शिरली. माणसं गेली, घरं गेली, दुकानं गेली. त्याच सुमारास तिकडे रायगड जिल्ह्यात अंबा नदीनं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं होतं, म्हणून महाराष्ट्राला ती तारीख आठवते ती कोकणामुळे. पण आमच्याकडे पेठ बीडातल्या वयस्कर माणसाला नुसतं "एकोणनव्वद" म्हणा. पुढचं तो सांगतो. पालीचं धरण तेव्हा होतंच की!

योगायोग असा की त्याच वर्षी, १९८९ च्या सप्टेंबरात, राज्याच्या पाटबंधारे खात्याचं पूररेषांबद्दलचं परिपत्रक निघालं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतली जागा मोकळी ठेवायची, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात वापरावर बंधनं. कल्पना सोपी आहे, शहाणपणाची आहे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या-नाल्यांची पात्रं ही सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीची. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हिमाचलातल्या बियास नदीच्या खटल्यात तर स्पष्टच सांगितलं की नदीसारखी संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, ती खाजगी लाभासाठी उधळता येत नाही. तिथे एका मोटेलला वाचवायला नदीचाच प्रवाह वळवला होता! कायदा आहे. नकाशाही तयार होतात. फक्त ती रेषा नकाशातून जमिनीवर उतरत नाही. शहरातल्या किती घरांच्या भिंतीवर 'इथवर पाणी आलं होतं' अशी खूण आहे? ज्या माणसाला रेषा दिसतच नाही तो ती पाळणार कशी?

आता दुसरा उपयोग, गटार. हा भाग वाचताना आमच्या व्यवसायबंधूंना ओळखीचं हसू येईल. बीडचे नाले बिंदुसरेत उतरतात. बिंदुसरा सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर खाली माजलगावचं धरण आहे. आणि माजलगावच्या धरणातून पाणी उचलून ते बीडला आणलं जातं. झालं का लक्षात? आपण जे वर सोडतो तेच खाली साठतं, तेच शुद्ध करून पुन्हा आपल्या नळाला. याला आमच्या भाषेत इन्फायनाइट लूप म्हणतात आणि त्यात अडकलेला प्रोग्रॅम शेवटी मशीन बंद पाडतो. मधे किलोमीटरच्या किलोमीटर नदी आहे, धरणात पाणी पातळ होतं, जलशुद्धीकरण केंद्र आहे, हे सगळं मान्य. पण दुष्काळात धरण तळाला जातं तेव्हा ते पातळ करणारं पाणीच नसतं. म्हणजे नदी घाण करणं हा 'त्या काठावरच्या लोकांचा' प्रश्न नाही. शहरात लांब, उंचावर, बंगल्यात राहणाराही सकाळी चहाला तेच पाणी ठेवतो.

तिसरा उपयोग, खाण. वाळू गेली की टाकी गेली. मग त्याच गावाला टँकर लागतो आणि टँकरचं पाणी कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या उरल्यासुरल्या वाळूतून येतं. यालाच जोडून आणखी एक गोष्ट बोलायला हवी, भले काही मित्र रागावतील. नदी-नाल्यांचं खोलीकरण. गाळ काढणं चांगलंच. पण जेसीबी हातात आला की थांबायचं कुठे हे कळत नाही. पाणी धरून ठेवतो तो मुरूम. तो खरवडून खालच्या कातळापर्यंत गेलात तर कातळ पाणी पीत नाही, आणि काठच्या विहिरींतलं पाणी उलट चरात झिरपून निघून जातं. दिसायला निळाशार लांबलचक डोह, फोटो उत्तम. मार्चमध्ये जाऊन बघा.

इथे थोडं परदेशात जाऊन येऊ. कामानिमित्त तीन वर्षं म्युनिकला होतो. त्या शहरातून इझार नदी वाहते. आल्प्सच्या डोंगरांत उगम, मग जवळपास ३०० किलोमीटर वाहून डॅन्यूबला मिळते. बर्फाचं पाणी, बारमाही. आपला आणि तिचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण तिचा इतिहास वाचला तर ओळखीचा निघाला. एकोणिसाव्या शतकापासून तिला दगडी बांधांत कोंडून सरळ केलं. विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात, वीजनिर्मितीसाठी वरच्या खोऱ्यातलं पाणी दुसरीकडे वळवलं, इतकं की धरणाखालचं पात्र वर्षानुवर्षं नुसत्या गोट्यांचं राहिलं. म्हणजे युरोपातल्या सुखवस्तू, पाणीदार भागातही कोरडी नदी होती, माणसानं केलेली! १९९० पासून तिथे किमान पाणी नदीत सोडलं जाऊ लागलं. मग २००० ते २०११ या काळात म्युनिकमध्ये शहर आणि राज्य सरकारनं मिळून आठ किलोमीटरच्या पट्ट्यातले काँक्रीटचे काठ फोडले, ५० मीटरचं पात्र जागा मिळेल तिथे ९० मीटरपर्यंत रुंद केलं आणि गोट्यांचे उतार पुन्हा नदीच्या स्वाधीन केले. खर्च साधारण साडेतीन कोटी युरो. मुख्य कारण सौंदर्य नव्हतं, पूर होता. अरुंद पात्रातून मोठा पूर सुरक्षित जात नाही हे त्यांच्या इंजिनिअरांना कळलं होतं. उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात, पोरं गोट्यांवर खेळतात, पण तो बोनस.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, ते म्युनिक, हे बीड. त्यांच्याकडे युरो आहेत, आमच्याकडे पगाराची बोंब." बरोबर आहे. पण खर्च कशावर झाला ते बघा. आधीच्या पिढ्यांनी ओतलेलं काँक्रीट फोडण्यावर! आपण अजून तेवढं ओतलेलं नाही. गरीब असण्याचा हा एक फायदा आहे आणि तो आपण घालवायला निघालो आहोत. हल्ली प्रत्येक शहराला 'रिव्हरफ्रंट' हवा असतो. दोन्ही बाजूंनी उंच भिंती, वर फरश्या, दिवे, कारंजं, सेल्फी पॉइंट. बारमाही नदीला ते शोभत असेल-नसेल, पण बिंदुसरेसारख्या नदीला भिंती घालणं म्हणजे निकालाच्या दिवशीचा सर्व्हर कायमचा निम्मा करणं. भिंतीत कोंडलेलं पाणी जास्त उंच चढतं आणि जास्त वेगानं पुढच्या पुलावर आदळतं. शिवाय भिंत झाली की भिंतीलगतची जमीन 'सुरक्षित' ठरते, तिचा भाव चढतो आणि तिच्यावर मजले चढतात. पुढच्या पुरात नुकसान आणखी मोठं.

मग करायचं काय? मला वाटतं चार गोष्टी.

एक, पूररेषा जमिनीवर आणा. खांब रोवा, भिंतींवर रंगवा, पुलांवर मीटरचे आकडे काढा. १९८९ चं पाणी जिथवर आलं होतं ते सांगणारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना सोबत घेऊन फिरा. याला सर्व्हेअर आणि रंगाचे डबे लागतात, कोट्यवधी रुपये नाहीत. घर घेणाऱ्यानं बँकेच्या कागदांआधी तो खांब बघावा.

दोन, पात्रात राहणाऱ्या माणसांचा विचार आधी, बुलडोझर नंतर. हे मुद्दाम लिहितो, कारण 'अतिक्रमण हटाव' म्हटलं की आपल्या मध्यमवर्गाला सर्वांत आधी झोपडी दिसते. नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत कुणी हौसेनं राहत नाही. जो सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर आणि सहा महिने इथे, त्याला शहरात दुसरी जागा परवडत नाही. त्याला गावाबाहेर दहा किलोमीटरवर फेकलं तर तो पुढच्या वर्षी परत पात्रात येणार, कारण त्याची मजुरी इथे आहे. जवळच, उंचावर, पक्कं घर द्या आणि मग पात्र मोकळं करा. आणि हो, पक्की बांधकामं, दुकानं, हॉलसुद्धा त्याच रेषेनं मोजा. रेषा सगळ्यांना सारखी नसेल तर ती कुणीच मानणार नाही.

तीन, नाले नदीत पडण्याआधी अडवून तिथल्या तिथे साफ करा. एकच भव्य केंद्र होईपर्यंत थांबण्यापेक्षा मोठ्या नाल्यांवर लहान-लहान केंद्रं आधी सुरू करता येतात. साफ झालेलं पाणी नदीच्या वाळूत सोडलं तर ते मुरेल, आणखी गाळलं जाईल आणि काठच्या विहिरी जागतील. लूप तोच राहील, पण त्यातलं पाणी तरी बरं असेल.

चार, पात्राला असे उपयोग द्या जे एका रात्रीत गुंडाळता येतात. आठवडी बाजार, जनावरांचा बाजार, क्रिकेटचं मैदान, जत्रा, सर्कस, गाळपेराची भाजी. हे काही नवं नाही, आपल्याकडे नदीच्या वाळूत जत्रा भरतच आल्या आहेत. इशारा आला की बाजार तासाभरात उठतो. इमारत उठत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी शहराच्या मध्यातली एवढी जमीन अडकवून ठेवायची? जमिनीचे भाव बघता हा चैनीचा विचार नाही का? मी उत्तर असं देतो. पहिली गोष्ट, ती जमीन अडकलेली नाही. ती वर्षभर पाणी साठवण्याचं, गाळण्याचं काम करते, फक्त तिचं बिल येत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. दुसरी गोष्ट, पाऊस बदलतो आहे. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं (ते धरणही आमच्या बीड जिल्ह्यातच, केज तालुक्यात धनेगावला) आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात असे पूर आले की बीड जिल्ह्यात लोकांना वाचवायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. दहा वर्षांच्या आत दोन्ही टोकं बघून झाली. दुष्काळात वाळूतली टाकी हवी आणि पुरात रुंद पात्र हवं. दोन्ही गरजा एकाच जमिनीच्या पट्ट्यानं भागतात. याहून स्वस्त इन्शुरन्स मला तरी माहीत नाही.

शेवटी एक गोष्ट सुचवतो. पुढच्या वेळी बीडला गेलात, किंवा तुमच्या गावी अशीच एखादी 'कोरडी' नदी असेल, तर पुलावर गाडी बाजूला लावून दोन मिनिटं थांबा. पुलाची लांबी बघा. जुन्या माणसांनी तो पूल एवढा लांब कशासाठी बांधला असेल, खाली तर एक नाला वाहतोय? त्या माणसांना वेड लागलेलं नव्हतं आणि पैसाही वर आला नव्हता. त्यांनी नदीला एका तरी रात्री भरलेली पाहिलं होतं. ज्या घरात तुमची मावशी, आत्या किंवा शाळूसोबती राहतो, ते पुलाच्या या लांबीच्या आत येतं की बाहेर, एवढं मनातल्या मनात मोजा. आत येत असेल तर पावसाळ्याआधी त्यांच्याशी एकदा बोला.

असो. पटलं तर कळवा, नाही पटलं तर आधी कळवा.